जेवणाऱ्याच्या पुढचं पान

सेतू गेल्याचा फोन आला तेव्हा पुण्यात आमच्याकडे सकाळचं दूध गॅसवर होतं. फोन तुळसावैनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा होता. त्या एरवी संध्याकाळी करतात, म्हणून उचलायच्या आधीच काय ते कळलं. त्या रडत नव्हत्या. “भावोजी, ते गेले म्हणून सांगायला केला,” त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, “पहाटे. झोपेतच. तुम्ही सावकाश या, धावत नका येऊ.” मी बरं म्हटलं, फोन ठेवला, गॅस बंद केला... आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की त्याचं ते काम अपुरंच राहिलं. माणूस गेला, हा विचार त्याच्या मागून आला. हे लिहितानाही मला बरं वाटत नाही. पण तो गेल्याला आता दोन महिने होत आले, आणि त्याच्याविषयी लिहायचं तर मला इथूनच सुरुवात केली पाहिजे. कारण ते काम त्याच्या हातून मीच काढून घेतलं होतं आणि मीच परत दिलं होतं, आणि या दोहोंतलं काय चुकलं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सेतुमाधव राव आणि मी कुंभकोणमचे. मराठे तंजावरला आले तेव्हा त्यांच्यामागून आलेल्या घरांतली आमची घरं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमचं मराठी ऐकून पुण्यात लोक हसतात. कुणी चांगल्या मनाने म्हणतं, की पोथी बोलते आहे असं वाटतं. नोकरीमुळे आणि लग्नामुळे मी वीसेक वर्षं पुण्यात आहे, त्यामुळे माझी बोली घासून गुळगुळीत झाली. सेतूची झाली नाही. इथे त्याचं आणि वैनींचं बोलणं मी थोडं सोपं करून लिहितो आहे, नाहीतर वाचकांना वाक्यावाक्याला थांबावं लागेल. शाळेत तो माझ्या पुढच्या वर्गात होता. माझ्या परीक्षेच्या आधी मला सायकलच्या दांडीवर बसवून तो तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाकडे न्यायचा. स्वतःच्या परीक्षेला मात्र कधी गेला नाही. विचारलं तर म्हणायचा, “गरज तुला अहा.” ‘आहे’ला आमच्याकडे ‘अहा’ म्हणतात. पुढे त्याने चेन्नईत नोकरी केली, वडील थकले तेव्हा गावी परतला, आणि मी ज्या लहानशा कंपनीत होतो तिथे मी त्याला ओढलं. मी पुण्यातून काम करायचो, तो कुंभकोणमच्या घरातल्या माडीवरच्या खोलीतून. कामं वाटून देण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण मी पुण्यात ऑफिसात बसत होतो, एवढंच. काम त्याला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं असंही नाही आणि कमी येत होतं असंही नाही. आम्ही दोघं सारखेच होतो, फक्त तो कंटाळत नसे.

आमचं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. मोठ्या वेबसाइटच्या मागे एक संगणक नसतो, अनेक असतात, आणि ते लांब कुठेतरी भाड्याने घेतलेले असतात. येणाऱ्या लोकांना या अनेकांत वाटून देणारी एक व्यवस्था पुढे उभी असते, तिला लोड बॅलन्सर म्हणतात. ती कशी वागेल हे ठरवणारे काही गुणधर्म असतात. पलीकडून कुणी बोलेनासं झालं तर किती वेळ वाट पाहायची, कुणी चुकून ही व्यवस्थाच पुसून टाकायला निघालं तर त्याला अडवायचं की नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवायची का, असे. प्रोग्रामर मंडळींना हे गुणधर्म आपापल्या कोडमधून वाचता यावेत, बदलता यावेत म्हणून आमची एक लायब्ररी होती, म्हणजे तयार कोडचा संच. तिच्यातला लोड बॅलन्सरचा सगळा भाग सेतूने लिहिलेला. एकदा मी गावी गेलो असताना वैनींनी त्याला माझ्यासमोर विचारलं, की तुम्ही माडीवर दिवसभर बसून नेमकं करता काय. सेतू म्हणाला, “लग्नात अप्पा करायचे तेच.” त्याचे वडील आमच्या लोकांच्या लग्नांत जेवणाच्या दालनाच्या दारात उभे असायचे. कुणाला कुठल्या पंगतीत बसवायचं ते त्यांच्या नुसत्या हाताच्या इशाऱ्यावर चालायचं. त्यांचा एक नियम होता. एखादी ओळ बंद करायची असेल तर तिथे नवा माणूस बसवायचा नाही, पण बसलेल्याला घाई करायची नाही. तो कितीही सावकाश जेवो, जेवणाऱ्याच्या पुढचं पान उचलायचं नाही. “लोड बॅलन्सरलाही हा गुणधर्म अहा,” सेतू म्हणाला. “एखादा संगणक काढायचा असला तर त्याला नवं काम देऊ नको, पण हातातलं संपेपर्यंत थांब.” वैनी कॉफीचे पेले उचलता उचलता म्हणाल्या, “मग त्यासाठी इंजिनिअर कशाला व्हायला हवं होतं? अप्पा आठवी शिकले होते.”

आजार हळूहळू आला. आधी साखर, मग रक्तदाब, मग मूत्रपिंडं. शेवटची दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मशीनला जोडलेला डावा हात हलवायचा नाही, म्हणून तो पोटावर उशी आणि उशीवर लॅपटॉप ठेवून उजव्या हाताने टाइप करायचा. आजूबाजूच्या खाटांवर कुणी झोपलेलं, कुणी मोबाइलवर सिनेमा पाहत असलेलं, आणि हा कुणाच्या तरी कोडवर शेरे लिहिणार. अशा दिवशी त्याची उत्तरं फार आखूड असायची, “हो”, “नको”, “उद्या पाहतो”. तिरुभुवनमच्या रेशीम सोसायटीतले एक निवृत्त विणकर त्याच्या शेजारच्या खाटेवर असत. ते त्याला म्हणायचे, की मी हात दुखला म्हणून माग सोडला, तू हात बांधून घेऊन माग चालवतोस. पाणीही मोजून प्यायचं होतं. पितळी पेल्यातली फिल्टर कॉफी, जिच्यावर तो वाढला, ती दोन घोटांवर आली. आधी तो वैनींचा पेला घेऊन वास घ्यायचा आणि मग आपले दोन घोट प्यायचा. “डेय् वेंकू,” मला म्हणाला होता, “वास अजून मोजत नाहीत.”

अशातच ती तक्रार आली. आमची लायब्ररी वापरणाऱ्या एका ग्राहकाने आपल्या लोड बॅलन्सरचा एकच गुणधर्म बदलला, वाट पाहण्याचा वेळ. बाकीच्यांना त्याने हातही लावला नाही. पण आमचं कोड असं लिहिलेलं होतं, की जे सांगितलं नाही ते मुळावर न्यायचं, म्हणजे अगदी सुरुवातीला जसं असतं तसं करून टाकायचं. त्यामुळे पुसण्यापासूनचं संरक्षण निघून गेलं आणि त्या माणसाला पत्ताही लागला नाही. काही दिवसांनी त्यांच्याच एका कर्मचाऱ्याने आवराआवरीत ती व्यवस्था पुसली. त्यांचं सगळं काम दुपारभर बंद. ते कोड सेतूचं, बऱ्याच वर्षांपूर्वीचं. मी त्याला म्हटलं, तपासणी मीच केली होती, चूक दोघांची आहे. तो म्हणाला, “गाठ मी मारली, मीच सोडवीन. मला एवढं करू दे.” दुरुस्ती ऐकायला सोपी होती. जे सांगितलं नाही त्याला हात लावायचा नाही. पण प्रत्येक गुणधर्म वेगळा तपासायचा होता, आणि जे लोक जुन्या पद्धतीवर विसंबून होते त्यांचंही मोडू द्यायचं नव्हतं. दोन हात आणि दिवसभराची ताकद असलेल्या माणसाचं ते आठवड्याचं काम. सेतूला महिना लागणार हे दिसत होतं, आणि ग्राहकाला आम्ही तात्पुरता उपाय दिला असल्याने घाई नव्हती.

मग एका संध्याकाळी वैनींचा फोन आला. “भावोजी, त्यांचं काम काढून घ्या,” त्या म्हणाल्या. “डायलिसिसहून येतात आणि जिना चढून वर जातात. जेवण गार होतं. काल जिन्यात बसूनच राहिले, मीच वर नेलं. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत.” मी म्हटलं, मी बोलतो त्याच्याशी. “बोलू नका. बोललात तर ते तुम्हालाच पटवतील. हळूच काढून घ्या.” त्या आडुतुरैच्या, भाताच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या माणसाची मुलगी, कधी कुणाकडे काही मागणाऱ्यातल्या नव्हेत. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्याच्याशी बोलायचं नाही, ही अट मला सोयीची होती.

आमच्याकडे येणारी कामं माणसांत वाटून देणारा एक लहानसा प्रोग्राम होता. तोही सेतूनेच लिहिला होता, गमतीत, लोड बॅलन्सरच्याच धर्तीवर. प्रत्येक माणसाच्या नावापुढे काही गोष्टी ठरवायच्या. किती नवं काम द्यायचं, हातातलं त्याच्याकडेच ठेवायचं का, सुट्ट्या कुठल्या. मी सेतूच्या नावापुढे एकच गोष्ट बदलली. नवं काम, शून्य. बाकी काही लिहिलं नाही. आणि जे लिहिलं नाही ते या प्रोग्रामनेही मुळावर नेलं. मुळात ठरलेलं असं होतं, की नवं काम बंद झालेल्या माणसाचं जुनंही दुसऱ्याला द्यायचं, कारण तो लिहिला तेव्हा नवं काम बंद म्हणजे माणूस नोकरी सोडून गेला, एवढंच आमच्या डोळ्यांपुढे होतं. नेमकी ही चूक दुरुस्त करायला बसलेल्या माणसाच्या बाबतीत मी ही चूक केली, आणि केली तेव्हा माझ्या लक्षातही आली नाही. त्याचं अर्धं झालेलं काम नाशिकहून काम करणाऱ्या अनघाकडे गेलं. तिला वाटलं मी मुद्दाम दिलं. ती कामसू बाई, तिने दोन दिवसांत आपल्या पद्धतीने बरंचसं उरकलंसुद्धा. जुन्या लोकांचं काय ते मागाहून पाहू, असं तिने सरळ लिहून ठेवलं होतं.

सेतूचा फोन तिसऱ्या दिवशी आला. रागावलेला नव्हता. आवाज थकलेला होता. “वेंकू, मला काढलंस?” मी म्हटलं, काढलं नाही, जरा विश्रांती घे म्हणून नवं काम बंद केलं. “नवं बंद केलंस ते ठीक. माझ्या हातातलं कां नेलंस?” मी गोंधळलो, लॅपटॉप उघडून पाहिलं, आणि मला कळलं काय झालंय. मी सांगू लागलो, की हे मी केलं नाही, प्रोग्रामने... तो मध्येच म्हणाला, “माहीत अहा. लिहिला मीच.” मागे डायलिसिसच्या मशीनचा बारीक आवाज येत होता. मग तो म्हणाला, “जेवणाऱ्याच्या पुढचं पान उचललंस रे तू.” आणि फोन ठेवला.

मी दुसऱ्या दिवशी निघालो. चेन्नईपर्यंत विमान, पुढे रात्रीची गाडी, कुंभकोणमला उतरलो तेव्हा उजाडलं होतं. तो बाहेरच्या ओट्यावर बसला होता, पायांवर सूज, अंगावर शाल. मला पाहून म्हणाला, “एवढ्यासाठी आलास? फोनवर माफी मागता आली असती. तेवढं मराठी तुला अजून येतं.” वैनी स्वयंपाकघरात होत्या. तो आवाज उतरवून म्हणाला, “हिनेच सांगितलं ना?” मी बॅग ओट्यावर ठेवली. “सांगू नकोस. तिचं चुकलं नाही.” मग सरळ मुद्द्यावर आला. नवं काम त्याला नकोच होतं. “ते मला आता होणार नाही, मला समजतं. पण ही एक गोष्ट माझ्या हातून झाली पाहिजे. मी गेल्यावर माझं लिहिलेलं लोकांचं मोडत राहील, आणि मला ते माहीत असून मी अर्ध्यात सोडलं असं होईल. अनघाचं चांगलं अहा. पण तिला घाई करायला लावू नको, आणि मलाही.” मी पुण्याला ऑफिसात फोन केला, मग अनघाला. ती म्हणाली, “सर, मला आधी सांगितलं असतं तर मी हातच लावला नसता. त्यांना करू द्या, माझं मी बाजूला ठेवते.” मी काम त्याच्या नावावर परत केलं. वैनींना सांगितलं नाही. दुपारी जेवताना त्यांनी मला जास्तीचा भात वाढला आणि म्हणाल्या, “बरं केलंत भावोजी. या आठवड्यात जरा झोपतात.” मी मान खाली घालून जेवलो.

त्यानंतर तो साधारण महिनाभर होता. रोज थोडं थोडं काम यायचं. एक गुणधर्म, कधी त्याचं अर्धं. मी ते वाचायचो, तपासायचो, आणि प्रत्येक वेळी मला वैनींचा फोन आठवायचा. कधी वाटायचं, हे थांबवावं. कधी वाटायचं, थांबवायचा अधिकार मी एकदा वापरून बसलोय. शेवटी शेवटी त्याचं लिहिणं जरा बदललं. फार स्वच्छ झालं, एकेक अक्षर शोधून ठेवल्यासारखं, आणि येणाऱ्या दोन बदलांच्या मध्ये पूर्वीपेक्षा जास्त वेळ जायचा. मी समजलो, त्याचा हात थकला आहे. विचारलं नाही. एक गुणधर्म राहिला होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदीचा, आणि तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याचा निरोप आला होता, “एक राहिलं.” सकाळी वैनींचा फोन आला.

तेव्हा मी गेलो, दिवसकार्याला पुन्हा गेलो, पण घरात माणसं होती आणि मी काही बोललो नाही. मागच्या आठवड्यात तिसऱ्यांदा गेलो, मुद्दाम. वैनी एकट्याच होत्या. दिवसकार्यासाठी आलेली त्यांची मुलगी बंगळूरला परत गेली होती. माडीवरच्या खोलीत बसून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मागितलं ते मी केलं, मग मोडलं, त्यांच्यापासून लपवलं, आणि तो शेवटच्या दिवसापर्यंत काम करत होता ते माझ्यामुळे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मला माहीत नव्हतं असं वाटलं तुम्हाला?”

सेतूला शेवटचे दोन आठवडे टाइप करता येत नव्हतं, त्याचा उजवा हातही थरथरू लागला होता. तो खाटेवर पडून सांगायचा आणि वैनी टाइप करायच्या. त्यांना त्यातलं काही येत नाही. तो एकेक अक्षर सांगायचा, कंस उघड, कंस मिट, खालच्या ओळीवर ये, चार जागा सोड. चुकलं तर पुन्हा. “पहिल्या दिवशी मी भांडले,” वैनी म्हणाल्या. “म्हटलं, हे तुमचं काय चाललंय. ते म्हणाले, तू टाइप नाही केलंस तर मी करीन, आणि मग पडीन. मग मीच बसले. काय करणार... माझ्याबरोबर इतका वेळ ते एका जागी लग्न झाल्यापासून बसले नव्हते.” मी विचारलं, की त्याचा त्रास वाढला का त्याने. “मला माहीत नाही, भावोजी. मीही रोज हेच विचारते. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, एक राहिलं, तेवढं उरकू. मीच म्हटलं, पोदुम, आज पुरे, उद्या करू. आणि माझं ऐकलं त्यांनी. इतक्या वर्षांत तेवढं एकदा ऐकलं.”

मग त्यांनीच लॅपटॉप आणला. त्याला झाकायला त्यांनी जुन्या रेशमी पातळाचा तुकडा शिवला होता. “हे चालतं का, तेवढं बघून सांगा,” त्या म्हणाल्या. “आम्ही केलेलं.” मी उघडलं. त्या दोघांनी लिहिलेलं सगळं जिथे हवं तिथे होतं. तपासण्या चालवल्या, एकामागून एक बरोबर निघत गेल्या, आणि शेवटची अडली, कारण त्या गुणधर्माचं कोड लिहिलेलंच नव्हतं. वैनींनी विचारलं, “चुकलं?” मी म्हटलं, “चुकलं नाही. राहिलंय. तीन-चार ओळी आहेत.” त्या लॅपटॉपवरून केलेला बदल अजून सेतूच्याच नावावर नोंदवला जातो, ते बदलायला हवं होतं, मी बदललं नाही. मी लिहायला हात पुढे केला आणि मागे घेतला. लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी चष्मा लावला. पदराने बोटं पुसली, जशी पान मांडायच्या आधी पुसतात. मी पहिली ओळ सांगितली, एकेक अक्षर, कंस उघडा, कंस मिटा. त्यांचा वेग माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त होता. ओळ संपली तेव्हा मी पुढे काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. त्यांनी माझी वाट पाहिली नाही. खालच्या ओळीवर गेल्या, चार जागा सोडल्या, आणि बोट तसंच वर धरून थांबल्या.